भिंतीखालची नाली

भिंत बांधून व्हायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आमच्या घरात स्वयंपाक काय झाला, कोणी केला, हे मला आठवत नाही. आठवतो तो गवंड्याच्या थापीचा आवाज, आणि अंगणात स्टूल टाकून त्या कामाकडे बघत बसलेले माझे बाबा. पलीकडे खाटेवर बसून काकाजीही तेच बघत होते. दोघे सख्खे भाऊ. पहिल्या दिवशी काकाजी कमरेपासून वर दिसत होते, दुसऱ्या दिवशी नुसतं डोकं दिसलं, तिसऱ्या दिवसापासून काहीच दिसेना. तरी बाबा स्टूलावरून उठले नाहीत. काकी मात्र ते चारही दिवस घराबाहेर आली नाही. मी तिची वाट बघत होते. मला वाटत होतं, ती येईल, कमरेवर हात ठेवून उभी राहील आणि म्हणेल, "काय तमाशा लावला बाप्पा तुमी दोघायनं," आणि गवंडी आपलं सामान उचलून निघून जाईल. तसं झालं नाही.

भांडण कशावरून झालं ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि पुढे ज्यांना विचारता आलं असतं ते एकेक करून गेले. आता या वयात वाटतं, कारण कळलं असतं तरी काय मोठं कळलं असतं? मला ठाऊक होतं ते एवढंच, की मी चार वर्षांची असताना माझी आई गेली आणि तेव्हापासून मला काकीनं वाढवलं. तिला मूल नव्हतं. ती मला नावानं कधी हाक मारायची नाही, "ए पोट्टे" म्हणायची. तिचा आवाज घोगरा होता, सर्दी झाल्यासारखा, आणि ती हसायची तेव्हा तो आणखी घोगरा व्हायचा. शाळेत जाण्याआधी ती माझे केस इतके ओढून विंचरायची की डोळे तिरपे व्हायचे. तव्यावरून उतरलेल्या पहिल्या भाकरीचा पापुद्रा सोलून, त्यात गूळ घालून ती माझ्या हातात द्यायची, आणि तो पोळतो म्हणून मी एका हातातून दुसऱ्या हातात उडवत खायची. भिंत झाली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. चार दिवसांनी पापुद्रा देणारं कोणी राहिलं नाही, आणि भाकर मलाच थापावी लागली.

ज्या दिवशी भिंत पूर्ण झाली त्या संध्याकाळी बाबांनी मला आईच्या फोटोसमोर उभं केलं. ते ओरडले नाहीत. माझे बाबा ओरडणारे नव्हतेच. नागपूरच्या सदर भागात एका कचेरीत कारकून होते, सायकलनं जायचे, उजव्या पायाच्या पॅन्टला क्लिप लावायचे, आणि घरी आले की ती क्लिप काढून रोज त्याच खिळ्याला अडकवायचे. ते हळू आवाजात म्हणाले, "हात ठेव फोटोवर. म्हण, मी काकाजीच्या दारात पाऊल ठेवणार नाही." मी म्हटलं. पलीकडेही असंच काही झालं असावं, कारण त्यानंतर काकी गल्लीत समोरून आली की मान खाली घालून जायची आणि शेजारच्या बाया आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघायच्या. गल्लीत एक वाक्य बोललं तरी संध्याकाळपर्यंत ते दोन्ही घरांत पोचायचं.

त्यानंतरचे महिने मला आवाजांवरून आठवतात. बाबा सकाळी गेले की घरात मी एकटी. भिंत नऊ इंची होती आणि पलीकडचं सगळं ऐकू यायचं. काकी खोकलायची, बादली सरकवायची, राखेनं भांडी घासायची. फोडणीचा चर्र आवाज आला की थोड्या वेळानं वास यायचा, आणि वासावरून मी ओळखायची, आज अंबाडीची भाजी आहे, आज वडाभात आहे. आमच्याकडे मी आणि बाबा जे शिजवायचो त्याला वरण आणि भात याच्यापुढे नाव नव्हतं. जेवताना बाबा बोलायचे नाहीत. मी करपवलेली भाकर ते कडेकडेनं खायचे, करपलेला भाग ताटात लपवून ठेवायचे, आणि उठताना ताट स्वतःच उचलून न्यायचे, म्हणजे मला दिसू नये. मला ते दिसायचंच.

आता नालीबद्दल सांगायला हवं. घर एक होतं तेव्हाच मागच्या अंगणात आंघोळीची आणि भांड्यांची मोरी होती, आणि तिचं पाणी दगडी नालीतून वाहत जाऊन मागच्या गल्लीतल्या गटाराला मिळायचं. वाटणीत मोरी आमच्याकडे आली आणि मागच्या गल्लीकडची बाजू काकाजींकडे गेली. म्हणून गवंड्यानं भिंतीच्या तळाशी, नाली जिथून जात होती तिथे, एक वीट न लावता भोक ठेवलं. आमचं पाणी त्या भोकातून काकाजींच्या अंगणात आणि तिथून पुढे गटारात जायचं. सात-आठ महिने ते बिनबोभाट जात राहिलं. मग उन्हाळा लागला, शाळेला सुट्ट्या लागल्या, आणि एक दिवस मी भांडी घासून उठले तर पाणी मोरीतच उभं.

पहिले काही दिवस आम्ही त्याला तुंबणं म्हटलंच नाही. उशिरा जातं, पण जातं, असं बाबा म्हणाले. मी उकळतं पाणी ओतून बघितलं, धुण्याचा सोडा टाकून बघितला, खराट्याच्या काड्या घालून बघितल्या. मग ते उशिरासुद्धा जाईना. आदल्या दिवशीच्या आंघोळीचं पाणी, त्यावर साबणाचा करडा तवंग, त्यावर भाताची शितं, आणि सगळ्यावर डास. बाबा अर्ध्या बादलीत आंघोळ करू लागले. उरलेलं पाणी मी तांब्यानं बादलीत भरून, मधल्या खोलीतून, पुढच्या खोलीतून, रस्त्यावरच्या नालीत नेऊन ओतायची. दिवसातून सात-आठ खेपा व्हायच्या. नागपूरचा वैशाख, डांबर चपलेला चिकटायचं, आणि मी दोन्ही हातांनी बादली धरून उंबरठा ओलांडायची. समोरच्या ओट्यावरच्या बाया बोलणं थांबवायच्या.

बाबांनी एकदा नाल्या साफ करणाऱ्या माणसाला बोलावून आणलं. तो वयस्कर होता, खांद्यावर लांब बांबूची कमची आणि कमरेला फडकं. त्यानं कमची घालून दोनदा ढोसलं, ओढून काढली, तिचं टोक बघितलं आणि बाबांना म्हणाला, "बाबूजी, ये उधर की तरफ से देखना पड़ेगा. इधर से नहीं निकलेगा."

"उधर नहीं जाना है," बाबा म्हणाले.

तो भिंतीकडे आणि मग बाबांकडे बघत राहिला. निघताना मी त्याला पाणी दिलं तेव्हा तो मला म्हणाला, "बेटी, हाथ मत डालना. काँच रहता है." बाबांना त्याच क्षणी सगळं कळलं असणार, असं मला आज वाटतं. मला कळलं नव्हतं. मला वाटलं, इतर कामांसारखंच हेही बाबांना जमत नाही.

मग तो दिवस आला. सकाळची वेळ होती, बाबा निघायच्या तयारीत होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता आणि मी भरलेली बादली घेऊन पुढच्या खोलीतून चालले होते. पाय सटकला. ते सगळं पाणी खोलीभर झालं, बाबांच्या शर्टावर, खुर्चीखालच्या त्यांच्या कागदांच्या पिशवीवर, आईच्या फोटोखालच्या भिंतीवरही उडालं. मी तशीच पडून राहिले, मार बसेल म्हणून नव्हे, कारण बाबा मारत नसत. मी वाट बघत होते की ते काहीतरी बोलतील. त्यांनी पोतेरं आणलं, बनियनवरच उकिडवे बसले आणि फरशी पुसायला लागले. पोतेरं पिळायचे, पुन्हा पुसायचे. त्यांच्या मानेवरचे केस पांढरे झाले होते हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पुसून झाल्यावर त्यांनी कालचा मळका शर्ट घातला, क्लिप लावली आणि सायकल काढून गेले. "लागलं का तुले?" एवढं दारातून विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं.

ते रागावले असते तर मी बादल्या वाहत राहिले असते, पावसाळ्यापर्यंतही. पण त्या पाठमोऱ्या मानेनंतर मला पुन्हा बादली उचलवेना. दुपारी दार आतून लावलं, परकर खोचला आणि मोरीत उतरले.

आधी पाणी उपसलं. नारळाच्या नरोटीनं शेवटचं पाणीही काढलं, तेव्हा नालीचा दगड दिसला, हिरवा आणि बुळबुळीत. मच्छरदाणीला लावायच्या कमच्या माळ्यावर होत्या, त्यातली एक घेऊन भोकात घातली. हातभर आत गेली आणि कशाला तरी टेकली. दगडाला टेकली असती तर टक् झालं असतं. हे मऊ होतं, ढोसलं की दबायचं आणि परत फुगायचं. कमचीनं उकरून जेवढं येईल तेवढं ओढलं. चहाची पत्ती, राख, कांद्याचं साल, बाबांच्या शर्टाचं एक बटण, आणि केस, माझेच केस, साबणात लडबडून दोरीसारखे झालेले. काकीनं वेणी घालणं सुटल्यापासून मी स्वतःच विंचरत होते आणि गुंता निघत नाही म्हणून तोडत होते. ते सगळे इथे येऊन बसले होते. वास असा होता की मला एकदा बाजूला जाऊन ओकावं लागलं. तोंड धुऊन परत आले, फरशीवर पालथी पडले, आणि त्या म्हाताऱ्यानं नको म्हटलेलं केलं. हात घातला.

मनगट गेलं, कोपर गेलं. भिंतीच्या विटेनं दंड सोलला जात होता ते कळत होतं. बोटांना गाळ लागला, मग गाळाच्या पलीकडे काही खरखरीत लागलं. धागे होते. गोणपाट. मी ते पकडून ओढलं, पण ते येईना. पलीकडून काहीतरी त्याला घट्ट धरून होतं. मी भिंतीला पाय लावून पुन्हा ओढलं, आणि माझ्या तोंडून मोठा हुंकार निघाला.

"कोन हाय वं तिकडं?"

तो घोगरा आवाज माझ्या कानाजवळ आला, जमिनीतून आल्यासारखा. नऊ-दहा महिने तो आवाज मी ऐकत होते, पण माझ्याशी तो बोलला नव्हता. मी हात काढून घेतला.

"पोट्टे, तूच हायेस ना?"

"हाव," मी म्हटलं.

"हात नको घालू त्याच्यात. इंचू राह्यते."

"पानी जाऊन नाई राहिलं, काकी. दीड महिना झाला."

"मले माहीत हाय."

"तुमच्याकडून काहीतरी अडकलं हाय. गोणपाट हाय मोठं."

तिच्या अंगणातल्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग तिनं नळ बंद केला.

"अडकलं नाई वं," ती म्हणाली. "घातलं हाय."

"काकाजीनं?"

"त्यायनं सांगतलं. घातलं म्या."

मी उठून बसले. खरं सांगायचं तर मला तेव्हा रडू आलं नाही. मला त्या दीड महिन्याच्या सगळ्या बादल्या एकदम आठवल्या, समोरच्या ओट्यावरच्या बाया, बाबांची अर्ध्या बादलीतली आंघोळ, सकाळचं पोतेरं. ती पलीकडे बसून माझ्या तांब्याचा आवाज ऐकत होती. मी तिची फोडणी ऐकत होते, तसाच. ती रोज ऐकत होती आणि रोज गप्प होती. मला उठून निघून जावंसं वाटलं. पण जाणार कुठे? घरात तर कोणी नव्हतं.

"काहून घातलं?" मी विचारलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

"मले ह्या घरात राह्याचं हाय, पोट्टे."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली तेव्हा एका सकाळी, चहा गाळताना, ते कळलं. त्या दुपारी मी परकराला हात पुसत बसले. थोड्या वेळानं पलीकडे बांगड्या वाजल्या आणि काहीतरी खरवडल्याचा आवाज आला.

"विटेचा अद्धा लावला हाय बाहेरून. काढून राहिली मी," ती म्हणाली. धापा टाकत होती. "निंगाला. आता तू तिकडून लोट. मी ओढते."

मी कमची दोन्ही हातांनी धरली आणि लोटलं. ती ओढत होती. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ते सगळं एकदम सुटलं. कमची माझ्या हातातून पुढे गेली, मी भिंतीवर आपटले, आणि नालीत उरलेलं काळं पाणी गडगड आवाज करत पलीकडे गेलं. मी मागच्या बादलीतलं स्वच्छ पाणी ओतलं. तेही गेलं. दुसरी बादली ओतली. मग गाल दगडाला टेकवून भोकातून बघितलं. पलीकडे ऊन होतं आणि उन्हात काकीची पावलं होती, घोट्यापर्यंत आमच्या घाणीत भरलेली, जोडव्यांत चिखल अडकलेली. तेवढीच दिसत होती. ती पावलं हलली नाहीत बराच वेळ.

"काकाजी रागावतील," मी म्हटलं.

"पाहीन मी. सांगीन का पानी जोत्यात मुरून राहिलं, आपलीच भित पडन." मग थांबून म्हणाली, "हात सोलला असन तुहा. राखुंडी नको लावू, झोंबन. खोबरेल लाव."

बाबा संध्याकाळी आले, क्लिप खिळ्याला लावली आणि हात-पाय धुवायला मागे गेले. मी चुलीशी बसून ऐकत होते. बादली भरल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला, मग काहीच नाही. ते दारात येऊन उभे राहिले.

"कोणी काढलं?"

"म्या."

त्यांनी माझा हात बघितला. मनगटापासून दंडापर्यंत सोललेला, त्यावर तेल. "एकटीनं?"

"हाव."

"तिकडून कोणी होतं?"

"नाई," मी म्हटलं. आयुष्यात बाबांशी बोललेलं ते पहिलं मोठं खोटं. त्यांनी मान हलवली, परत मोरीत गेले, आणि दीड महिन्यानंतर दोन बादल्या पाण्यानं आंघोळ केली. मी ते पाणी जाताना ऐकत राहिले. मला वाटलं होतं, नाली निघाली की मला आनंद होईल. जेवताना ते पूर्वीसारखेच गप्प होते आणि मी पूर्वीसारखीच भाकर करपवली होती. फरक एवढाच होता की आता माझ्याकडे एक गोष्ट होती जी त्यांना सांगता येत नव्हती.

त्यानंतर काय झालं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, मुलालाही नाही. दुपारी चारच्या सुमाराला, काकाजी कामठीला हातमागावर कामाला गेलेले असताना आणि बाबा कचेरीत असताना, काकी भांडी घासायला बसायची. मीही माझी भांडी घेऊन बसायची. फोटोवर हात ठेवून मी दारात पाऊल ठेवणार नाही म्हटलं होतं, नालीबद्दल काही म्हटलं नव्हतं. भांडी वाजत ठेवून आम्ही बोलायचो, म्हणजे गल्लीत ऐकू जाऊ नये. ती तिकडून सांगायची, भाकरीचं पीठ कोमट पाण्यात मळ, हातानं दाबून नको, तळव्यानं सरकव. मी तिला शाळेतलं सांगायची. शाळेत तसं काही घडायचं नाही, म्हणून मी बनवून सांगायची, अमुक मैत्रीण, तमुक मैत्रीण. मला मैत्रीण नव्हती. तिलाही ते ठाऊक असावं, कारण तिनं त्या मुलींची नावं कधी दुसऱ्यांदा विचारली नाहीत. चेहरा एकदाही दिसला नाही. कधी पावलं, कधी पातळाचा काठ, एकदा खाली पडलेला चमचा उचलणारा हात.

आखाडातल्या एका दुपारी मी भांडी न घेताच मोरीत आले आणि भोकाशी तोंड नेऊन हाक मारली. चार वाजायचे होते अजून. मी तीनदा हाक मारली तेव्हा ती आली.

"काय झालं वं? एवढ्या लवकर?"

"काकी, मी मरून राहिली काय?" मी विचारलं. सकाळपासून मी पोट धरून बसले होते आणि दोन परकर धुऊन वाळत घातले होते. बाबांना सांगायला शब्दच नव्हते. मी तिला जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं.

ती हसली नाही. मला भीती होती ती हसेल. "मरत नाई कोनी," ती म्हणाली. "थांब." ती आत गेली. परत आली तेव्हा तिनं भोकातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरळी सरकवली. आत तिच्या जुन्या पातळाचे धुतलेले, मऊ तुकडे होते, घडी घातलेले. मग ती बोलत राहिली, हळू, एकेक गोष्ट, कसं घ्यायचं, कसं धुवायचं, कुठे वाळवायचं, किती दिवस. मी ओल्या दगडावर गाल टेकवून ऐकत होते.

"बाबाले सांगू?"

"काहून सांगतं? नको सांगू. दोन दिवस भात त्यायलेच टाकू दे, म्हन पोट दुखते." थोड्या वेळानं म्हणाली, "तुही माय असती तं आज तुले गोड केलं असतं." आणि मग मला तिचं नाक ओढल्याचा आवाज आला. ती भिंतीपलीकडे रडत होती आणि मी अलीकडे. दोघींपैकी कोणीही उठून पुढच्या दारानं गेलं नाही. वीस पावलांचं अंतर होतं. आज मी साठी ओलांडली, गुडघे दुखतात, कळमन्याच्या पुढे नव्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि अजूनही कधी कधी मी मनातल्या मनात ती वीस पावलं चालून बघते. शपथ मोडली असती तर काय झालं असतं? काहीच झालं नसतं. पण हे तेरा वर्षांच्या मुलीला कोणी सांगायचं?

काकीची पुढची हकिकत थोडकी आहे. पुढच्या वर्षी काकाजींनी घराचा आपल्या वाट्याचा अर्धा भाग विकला आणि ते दोघं कामठीलाच राहायला गेले. माझ्या लग्नात ती नव्हती; पत्रिकाच गेली नव्हती. बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी मी पत्ता काढून कामठीला गेले. ऑटोतून उतरले, दार वाजवलं, आणि तिनंच उघडलं. काकाजी नव्हते राहिले. ती वाळून गेली होती आणि एका कानानं ऐकू येत नव्हतं. आम्ही समोरासमोर बसलो, तिनं चहा केला, मी मुलाचा फोटो दाखवला. "बरी हायेस ना?" "हाव. तू?" "हाव." ती माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. मीही तेच करत होते. तासाभरानं मी निघाले. परत जाईन म्हणून आले, आणि पुन्हा जाण्याआधीच ती गेल्याचं कळलं.

पण मला सांगायचा होता तो त्या भोकाचा शेवट. पावसाळा संपत आला होता, शाळा सुरू होऊन तीन महिने झाले होते. आमच्या पुढच्या रस्त्यावर त्या वर्षी गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची जमिनीखालची नळी, टाकली जात होती आणि सगळीकडे खड्डे होते. मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी शाळेतून आले तर बाबा घरी होते. ते कचेरीच्या दिवशी घरी असलेले मी कधी पाहिले नव्हते. सायकल आत घेतलेली, दार उघडं, आणि मागून सिमेंटचा वास येत होता.

"ये ये," ते म्हणाले. मला हाताला धरून मागे नेलं. त्यांच्या हाताला सिमेंट लागलं होतं, स्वतः गवंड्याला मदत केली असावी. मोरीचा उतार फोडून उलटा केला होता. नवी नाली मोरीतून निघून घराच्या कडेनं पुढच्या रस्त्याकडे गेली होती, त्यावर नवी फरशी. आणि भिंतीच्या तळाशी, जिथे भोक होतं तिथे, वीट बसली होती. तिच्यावर सिमेंट होतं, अजून ओलं, काळपट. थापीच्या खुणा दिसत होत्या.

"गडर लाइनीले जोडून घ्यायचा अर्ज तं मी उन्हाळ्यातच केला होता," बाबा म्हणाले. "तू हात सोलून घेतला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोनदा साहेबाकडे जाऊन आलो. आता तुले नालीत हात घालावा नाई लागणार. आपलं पाणी आपल्या दारातून जाईल. कोणाचे उपकार नाही, काही नाही." ते हसत होते. भिंत झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. एवढ्या महिन्यांत ते माझ्या सोललेल्या हाताचाच विचार करत होते, आणि मला वाटत होतं ते काही विचारच करत नाहीत.

चार वाजत आले होते. पलीकडे काकी भांडी घेऊन बसली. पहिलं पातेलं घासलं, थांबली. दुसरं घासलं, पुन्हा थांबली. तिच्या बाजूनंही ओली वीट दिसत असणार. मग ती सगळी भांडी एकामागून एक, न थांबता घासत राहिली.

बाबांनी मला आत बसवलं. बशीत संत्रा बर्फी काढली होती, सदरहून येताना आणलेली, चांदीचा वर्ख लावलेली. माझ्यासमोर बसून ते माझ्याकडे बघत होते. "खा ना," ते म्हणाले. मी एक तुकडा उचलून तोंडात टाकला. गोड होती, संत्र्याच्या सालीची किंचित कडवट चव होती.

"चांगली हाय?"

"हाव, बाबा," मी म्हटलं. "खूप चांगली हाय."

"मंग अजून घे," ते म्हणाले, आणि मी अजून एक घेतली.